गाजर गवत, उघडी जमीन आणि ऋतुजन्य ॲलर्जी : पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

सारांश

वसंत ऋतूत उद्भवणारी सर्दी, शिंका, डोळ्यांची खाज, दमा आणि त्वचादाह हे विकार सामान्यतः निसर्गक्रमाचा भाग मानले जातात. प्रस्तुत लेखात पुणे परिसरातील गाजर गवताचे आगमन, त्यातून उद्भवलेली त्वचारोगाची साथ आणि पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्याचे औद्योगिकीकरण यांचा एकत्रित विचार केला आहे. या पट्ट्यातील ऋतुजन्य ॲलर्जीला एक निश्चित इतिहास असून तिचे व्यवस्थापन केवळ रुग्णाच्या औषधोपचाराने पूर्ण होत नाही, जमिनीचे व्यवस्थापन हा त्या उपचाराचाच भाग आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

सूचक शब्द : ॲलर्जी, परागज्वर, गाजर गवत, संपर्कजन्य त्वचादाह, औद्योगिकीकरण, पिंपरी-चिंचवड, चाकण

१. प्रास्ताविक

रोगांचा इतिहास लिहिताना प्लेग, पटकी, देवी, हिवताप यांसारख्या साथींकडे इतिहासकारांचे लक्ष प्रथम जाते. या रोगांनी माणसे दगावली, शासनाने कायदे केले, कागदपत्रे निर्माण झाली. त्यामुळे अभ्यासाची साधने उपलब्ध झाली. ॲलर्जीची गोष्ट निराळी आहे. ती क्वचितच प्राण घेते. परंतु झोप, काम आणि उत्पन्न मात्र वर्षानुवर्षे हिरावून घेते. तिची नोंद हजेरीपुस्तकातील रजेपलीकडे सहसा होत नाही. म्हणूनच तिला इतिहास आहे, हे आपल्या सहजासहजी ध्यानात येत नाही.

पुणे आणि त्याच्या वायव्येस व उत्तरेस पसरलेला पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण हा पट्टा या दृष्टीने विशेष महत्त्वाचा ठरतो. ज्या वनस्पतीमुळे भारतात वनस्पतिजन्य त्वचादाहाची मोठी समस्या निर्माण झाली, तिची स्वातंत्र्योत्तर काळातील पहिली नोंद पुण्याचीच आहे. ज्या दशकात ही नोंद झाली, त्याच दशकात पिंपरी येथे आधुनिक उद्योगाचा पाया घातला गेला. या दोन घटनांमध्ये कार्यकारणभाव नाही. तथापि त्यांचे पुढील प्रवास एकाच भूमीवर झाले, आणि तेथेच त्यांचा परस्परांशी संबंध आला.

२. वसंत आणि विकार : दोन परंपरा

वसंतात कफाचे विकार बळावतात, हे निरीक्षण आपल्याकडे प्राचीन आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातील ऋतुचर्येनुसार शिशिरात संचित झालेला कफ वसंतातील सूर्याच्या उष्णतेने पातळ होऊन प्रकुपित होतो आणि अग्नी मंद करतो. म्हणून वमन, नस्य, व्यायाम व हलका, रूक्ष आहार यांचा उपदेश तेथे केलेला आहे. या विवेचनात ऋतू आणि शरीर असे दोनच घटक आहेत. हवेतून येणाऱ्या एखाद्या विशिष्ट बाह्य द्रव्याची कल्पना त्यात नाही.

युरोपात ही कल्पना एकोणिसाव्या शतकात आकाराला आली. लंडनचे वैद्य जॉन बोस्टॉक यांनी १८१९ मध्ये स्वतःलाच दर उन्हाळ्यात होणाऱ्या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी स्वतःवर प्रयोग करून आणि पतंगाच्या साहाय्याने चिकट काचपट्ट्या उंच हवेत पाठवून या विकाराचे मूळ गवताच्या परागकणांत असल्याचे १८७३ मध्ये दाखवून दिले. व्हिएन्नाचे क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये ‘ॲलर्जी’ हा शब्द रूढ केला. लिओनार्ड नून यांनी १९११ मध्ये परागांच्या अर्काची वाढत्या मात्रेने टोचणी देण्याची पद्धत मांडली. या प्रकारच्या ॲलर्जीस कारणीभूत असणारे आय.जी.ई. हे प्रतिपिंड १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ओळखले गेले.

या ज्ञानाबरोबर युरोपचे ऋतुमानही आपल्या पाठ्यपुस्तकांत आले. हिमकाळ संपून एकाएकी बहर येतो आणि परागज्वर सुरू होतो, असे जे चित्र तेथे खरे आहे, ते दख्खनच्या पठारावर लागू पडत नाही. येथे जमीन कधीच बर्फाखाली जात नाही. पावसाळ्याच्या अखेरीस गवते फुलावर येतात. तो परागांचा एक काळ. माघ-फाल्गुनात वावळासारखे वृक्ष निष्पर्ण अवस्थेत बारीक, हिरवट, नजरेत न भरणाऱ्या फुलांनी लगडतात. तो दुसरा काळ. वसंतात लोकांचा रोष पळस, पांगारा किंवा गुलमोहर यांच्या ठळक फुलांवर असतो. परंतु या फुलांचे पराग जड असून त्यांचे वहन मुख्यतः पक्षी व कीटक करतात. वाऱ्यावर दूरवर जातात ते गवत, वावळ, एरंड यांसारख्या उपेक्षित फुलांचे पराग. दिसते ते दोषी आणि न दिसते ते निर्दोष, हा समज प्रथम दूर होणे आवश्यक आहे.

हवेतील पराग व बुरशीचे बीजाणू मोजण्याची परंपरा महाराष्ट्रात नाही असे नव्हे. तत्कालीन मराठवाडा विद्यापीठातील प्रा. एस. टी. टिळक यांनी हवेचे नमुने घेणारे, त्यांच्याच नावाने ओळखले जाणारे उपकरण विकसित केले आणि वायुजीवशास्त्र ही शाखा येथे रुजविली. स्थानिक परागांचे कॅलेंडर केल्याशिवाय स्थानिक ॲलर्जी समजत नाही, हा त्या अभ्यासशाखेचा मूलभूत धडा होय.

३. गाजर गवताचे आगमन : नोंदी आणि लोकसमज

पार्थेनियम हिस्टेरोफोरस ही मूळची उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील वनस्पती. मराठीत तिला गाजर गवत, काँग्रेस गवत, चटकचांदणी अशी नावे आहेत. पाने गाजरासारखी म्हणून पहिले, आणि पांढरी फुले गांधी टोपीसारखी दिसतात म्हणून दुसरे, अशी व्युत्पत्ती सांगितली जाते. वस्तुतः ते गवत नसून सूर्यफुलाच्या कुळातील वनस्पती आहे.

पुण्यात प्रा. परांजपे यांना कचऱ्याच्या ढिगांवर या वनस्पतीची तुरळक रोपे आढळली. हे वर्ष काही लेखनात १९५१, तर काही लेखनात १९५५ असे दिलेले आहे. पुढे आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात भारतासाठी नवी वनस्पती म्हणून तिची शास्त्रीय नोंद केली. नंतरच्या संशोधकांनी मात्र तिचे उल्लेख याहून जुने असल्याचे निदर्शनास आणले. रॉक्सबर्ग यांच्या १८१४ च्या बंगालमधील वनस्पतींच्या यादीचा त्यात समावेश होतो. म्हणजे १९५० च्या दशकात घडले ते कदाचित या वनस्पतीचे पहिले आगमन नव्हे. तिचा स्फोटक प्रसार मात्र तेव्हापासूनचा आहे.

हे गवत अमेरिकेच्या पी.एल. ४८० योजनेतील गव्हाबरोबर आले, असा समज सर्वत्र प्रचलित आहे. येथे तारखांकडे लक्ष देणे उचित ठरेल. तो कायदा अमेरिकेत जुलै १९५४ मध्ये संमत झाला आणि भारताशी त्याअन्वये पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला. पुण्यातील रोपे त्याआधीच पाहिली गेली होती. अर्थात १९५१ मध्येही अमेरिकेने कर्जरूपाने भारतास गहू दिला होता; त्यामुळे आयात धान्यातून बी आले असण्याची शक्यता उरतेच, आणि पुढील आयातीने प्रसारास हातभार लागला असणेही संभवनीय आहे. परंतु पी.एल. ४८० हेच मूळ, असे जे निश्चयाने सांगितले जाते, त्यास कालक्रमाचा आधार नाही.

या लोकसमजाचे सामाजिक कार्य मात्र लक्षणीय आहे. वनस्पतीच्या नावात राजकीय पक्ष आणि तिच्या कथेत परकीय सत्ता आल्यामुळे दोष कायम दूरच्या कोणावर तरी ठेवता आला. बी कोठून आले, याची चर्चा सात दशके चालली. ते येथे कशामुळे टिकले आणि वाढले, हा प्रश्न तुलनेने मागे पडला.

४. त्वचारोगाची साथ आणि तिचा उलगडा

१९६० च्या दशकात पुणे परिसरातील त्वचारोगतज्ज्ञांकडे एक विशिष्ट प्रकारचे रुग्ण येऊ लागले. चेहरा, पापण्या, मान, कोपराच्या व गुडघ्याच्या घड्या या भागांत तीव्र खाज, लाली, पाणी सुटणे आणि कालांतराने त्वचा जाड व काळवंडलेली होणे, ही लक्षणे होती. रुग्ण बहुधा मध्यमवयीन, उघड्यावर काम करणारे पुरुष असत. पुण्याचे लोणकर यांनी जोग यांच्यासमवेत १९६८ मध्ये आणि मिचेल व कॅलनन या परदेशी तज्ज्ञांसमवेत १९७४ मध्ये या विकाराचा संबंध गाजर गवताशी असल्याचे प्रसिद्ध केले. या वनस्पतीतील पार्थेनिन या द्रव्याची रचना अमेरिकेत हर्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ ते १९६२ या काळात उलगडली होती. तेच द्रव्य त्वचेला संवेदनशील करते, हे पुढील अभ्यासांतून स्पष्ट झाले. झाडाच्या वाळलेल्या लवेचे व भागांचे कण हवेतून त्वचेवर बसतात. म्हणून झाडाला हात न लावणाऱ्यासही हा विकार होऊ शकतो.

येथे दोन भिन्न यंत्रणांतील फरक समजून घेणे अगत्याचे आहे. परागांमुळे होणाऱ्या शिंका, नाक वाहणे व दमा या आय.जी.ई. प्रतिपिंडामार्फत काही मिनिटांत होणाऱ्या प्रतिक्रिया आहेत. त्वचादाह मात्र टी-पेशींमार्फत एक-दोन दिवसांनी प्रकटणारी विलंबित प्रतिक्रिया आहे. पहिलीच्या निदानासाठी सुईने त्वचा टोचून, तर दुसरीच्या निदानासाठी पाठीवर पट्टी लावून चाचणी करतात. हिस्टामीनविरोधी गोळ्यांनी शिंका थांबतात. त्वचादाहात त्यांचा उपयोग मर्यादित असतो. गाजर गवत दोन्ही प्रकारच्या विकारांस कारणीभूत होते. बंगळूर येथील रुग्णांवर झालेल्या आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नासिकादाहाच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांची त्वचाचाचणी या वनस्पतीच्या परागांना सकारात्मक आढळली.

रुग्णांत पुरुषांचे प्रमाण अधिक, ही नोंद वैद्यकीय साहित्यात वारंवार आढळते. इतिहासाच्या अभ्यासकाने या नोंदीपाशी थांबले पाहिजे. शेतातील खुरपणी आपल्याकडे प्रामुख्याने स्त्रिया करतात. बांधकामावर पाट्या वाहणाऱ्याही पुष्कळदा त्याच असतात. मग त्यांचे प्रमाण कमी का? उघड्यावरील संपर्काचे स्वरूप वेगळे असणे हे एक उत्तर आहे. विशेषज्ञापर्यंत कोण पोहोचले आणि कोणाची खाज घरातच सोसली गेली, हा दुसरा प्रश्न. रुग्णालयाची नोंदवही ही रोगाबरोबरच रुग्णालयाच्या दाराचीही नोंद असते.

५. औद्योगिक पट्टा : उघड्या जमिनीचा इतिहास

पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीची स्थापना झाली. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांच्या शेतजमिनी औद्योगिक वसाहतींसाठी संपादित झाल्या. १९७० मध्ये नगरपालिका, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आणि १९८२ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. १९९७ मध्ये चिखली, मोशी, वाकड, रावेत आदी गावे शहराच्या हद्दीत आली. शहराची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत १० लाखांवर, तर २०११ मध्ये १७ लाखांवर गेली. १९९० च्या दशकापासून कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी ख्यात असलेल्या चाकणच्या परिसरात वाहन उद्योगाचा विस्तार झाला.

हा इतिहास सामान्यतः कारखाने, उत्पादन आणि रोजगार यांच्या आकड्यांत सांगितला जातो. वनस्पतीच्या बाजूने पाहिले असता तोच इतिहास उघड्या जमिनीचा आहे. गाजर गवत घनदाट गवताळ किंवा वृक्षाच्छादित जमिनीत सहसा शिरकाव करीत नाही. जेथे माती उकरली गेली आहे आणि मूळची वनस्पती नाहीशी झाली आहे, तेथे ते फोफावते. एका झाडापासून १५ ते २५ हजार बिया तयार होतात आणि त्या मातीत काही वर्षे टिकून राहतात. उगवणीनंतर साधारण महिना-दीड महिन्यात फुले येतात. ओल असेल तेथे, म्हणजे नाल्याकाठी, गळक्या जलवाहिनीजवळ, सांडपाण्याच्या कडेला, पावसाळ्यानंतरही पीक चालूच राहते. गुरे त्यास सहसा तोंड लावीत नाहीत. शिवाय त्यातील द्रव्ये शेजारच्या वनस्पतींची वाढ रोखतात.

संपादित होऊन बांधकामाची वाट पाहणारा भूखंड, भाव वाढेल या अपेक्षेने पडीक ठेवलेले शेत, रस्तारुंदीकरणात सोडलेली पट्टी, लोहमार्गाची कड, राडारोड्याचा ढीग, ही या पट्ट्यातील नित्य दृश्ये आहेत. त्या प्रत्येक जागी या वनस्पतीस हवी तशी भूमी मिळाली. मुरूम, वाळू, माती आणि शेणखत यांच्या वाहतुकीबरोबर, तसेच गाड्यांच्या चाकांना चिकटलेल्या चिखलाबरोबर बी एका जागेहून दुसरीकडे गेले. पवना व इंद्रायणी यांच्या पुराने ते काठाकाठाने पसरले. म्हणजे बीज कोठूनही आलेले असो, त्यासाठी मशागत केलेली जमीन येथील विकासप्रक्रियेने पुरविली.

यात वाहनांच्या धुराची भर पडली. डिझेलच्या धुरातील सूक्ष्म कण परागांबरोबर श्वासात गेल्यास ॲलर्जीची प्रतिक्रिया तीव्र होते, असे १९९० च्या दशकात अमेरिकेत झालेल्या प्रयोगांतून दिसून आले. अवजड वाहतुकीच्या या पट्ट्यात पराग आणि धूर या दोहोंचा वेगवेगळा विचार करणे म्हणूनच पुरेसे नाही.

६. उपचारांचा विकास आणि ‘टाळा’ या सल्ल्याची मर्यादा

विसाव्या शतकात ॲलर्जीवरील औषधांनी मोठी मजल मारली. १९३७ मध्ये बोव्हे व श्टाउब यांनी हिस्टामीनविरोधी गुणधर्म असलेले पहिले द्रव्य शोधले. १९४८ पासून कॉर्टिझोनचा वैद्यकीय वापर सुरू झाला, आणि १९७० च्या दशकात स्टेरॉइडचे नाकात मारावयाचे फवारे आले. १९८० च्या दशकात गुंगी कमी आणणाऱ्या नव्या गोळ्या उपलब्ध झाल्या. ही शेवटची घटना औद्योगिक पट्ट्यासाठी विशेष अर्थपूर्ण आहे. जुन्या, स्वस्त गोळीने शिंका थांबत. पण रात्रपाळीत यंत्रासमोर उभ्या राहणाऱ्या किंवा मालमोटार चालविणाऱ्या माणसाला झोप येणे हा अपघाताचाच धोका होय. कोणती गोळी घेतली, हा तेथे केवळ खर्चाचा प्रश्न राहत नाही.

आजचे सर्वमान्य व्यवस्थापन थोडक्यात असे सांगता येईल : नेमका कारक घटक चाचणीने निश्चित करणे, ज्यास दरवर्षी त्रास होतो त्याने वैद्यकीय सल्ल्याने बहरापूर्वीच नाकातील फवारा सुरू करणे, मिठाच्या पाण्याने नाक धुणे, बाहेरून आल्यावर स्नान करून कपडे बदलणे, धाप लागत असल्यास दम्याची तपासणी करून घेणे, निवडक रुग्णांत दीर्घकालीन प्रतिकारोपचार. त्वचादाहात स्टेरॉइडची मलमे आणि तीव्र अवस्थेत तज्ज्ञांच्या देखरेखीखाली अझाथायोप्रिनसारखी औषधे वापरली जातात. स्वतःच्या मनाने स्टेरॉइड घेत राहणे घातक आहे.

या सर्वांच्या अग्रभागी नेहमी एक सूचना असते : कारक घटक टाळा. दार बंद करून बसू शकणाऱ्यास ती पाळता येते. परंतु सफाई कामगार, माळी, बांधकाम मजूर, रस्त्याच्या कडेला टपरी थाटणारा विक्रेता, शेतकरी यांच्या बाबतीत ‘टाळा’ याचा अर्थ ‘काम सोडा’ असा होतो. जो सल्ला पाळण्यासाठी उपजीविका सोडावी लागते, तो सल्ला वैद्यकीयदृष्ट्या अचूक असूनही सामाजिकदृष्ट्या अपुरा आहे. येथे टाळण्याची जबाबदारी रुग्णाकडून जमिनीच्या धारकाकडे, म्हणजे भूखंडाचा मालक, उद्योग, महामंडळ आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांच्याकडे, गेली पाहिजे.

७. नियंत्रणाचे प्रयत्न

गाजर गवताच्या नियंत्रणाचा इतिहास उपायांच्या अभावाचा नाही, सातत्याच्या अभावाचा आहे. कर्नाटकाने १९७५ मध्ये ही वनस्पती उपद्रवी म्हणून घोषित केली. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने १९८३ मध्ये मेक्सिकोहून झायगोग्रामा बायकलराटा हा भुंगा आणला. चाचण्यांनंतर १९८४ मध्ये तो सोडण्यात आला. १९९० च्या दशकाच्या आरंभी हा भुंगा सूर्यफुलावर दिसल्याने वाद उद्भवला. चौकशीअंती त्यापासून पिकास गंभीर धोका नसल्याचा निष्कर्ष निघाला. हा भुंगा पावसाळ्यात पाने फस्त करतो, परंतु कोरड्या काळात मातीत सुप्तावस्थेत जातो. सांडपाण्यावर वाढणारे गवत त्या काळात त्याच्या तावडीतून सुटते. तरोट्यासारख्या स्पर्धक वनस्पतींची लागवड हाही एक मार्ग अवलंबिला गेला. जबलपूर येथील तणविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने ऑगस्टमध्ये देशभर जागृती सप्ताह पाळला जातो.

महाविद्यालयांचा या कार्यात सहभाग असतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत गाजर गवत उपटण्याचा कार्यक्रम अनेक ठिकाणी होतो. हेतू स्तुत्य असला, तरी त्यात एक धोका दडलेला आहे. संवेदनशीलता ही वारंवार संपर्कातून निर्माण होते, आणि एकदा निर्माण झाली की ती बहुधा दीर्घकाळ राहते. उघड्या हातांनी, फुलावर आलेली झाडे विद्यार्थ्यांकडून उपटून घेणे म्हणजे नवे रुग्ण घडविण्याची शक्यता निर्माण करणे होय. हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, तोंडावर आच्छादन, कामानंतर स्नान आणि ज्यांना आधीच त्रास आहे त्यांना या कामातून सूट, या किमान अटी होत. पहिल्या पावसानंतर फुले येण्यापूर्वीच उपटणी झाली पाहिजे. अशी कोवळी झाडे कंपोस्टसाठी वापरता येतात. वाळलेले ढीग जाळणे मात्र टाळावे. उपटलेल्या जागी गवत किंवा अन्य स्थानिक आच्छादन लावले नाही, तर पुढील पावसात तेच पीक पुन्हा उभे राहते.

८. समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला, पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यातील ऋतुजन्य ॲलर्जी हा केवळ वसंताचा स्वभाव नसून तिच्या एका प्रमुख कारकाचा प्रसार गेल्या सुमारे सात दशकांतील आहे. दुसरा, या कारकाचे मूळ शोधण्यात जेवढी शक्ती खर्च झाली, तेवढी त्याला आधार देणाऱ्या उघड्या जमिनीकडे लक्ष देण्यात झाली नाही. तिसरा, औषधोपचार आवश्यक आहेत. परंतु जे आपल्या कामाची जागा निवडू शकत नाहीत त्यांच्यासाठी भूखंडाची निगा हाच पहिला प्रतिबंधक उपचार ठरतो.

या संदर्भात महाविद्यालये एक साधे पण टिकाऊ कार्य करू शकतात. वनस्पतिशास्त्र विभागाने आपल्या परिसरातील फुलोऱ्याची मासिक नोंद ठेवावी. भूगोल विभागाने पडीक भूखंडांचे नकाशे करावेत. इतिहास व समाजशास्त्र विभागांनी सफाई कामगार, माळी व शेतमजूर स्त्री-पुरुषांच्या आजाराच्या मौखिक नोंदी जमा कराव्यात. अशा नोंदी दहा वर्षे सलग राहिल्या, तर या भागाचे स्वतःचे परागांचे कॅलेंडर तयार होईल, आणि ज्यांची खाज व धाप आजवर कोणत्याही दप्तरात आली नाही त्यांनाही या प्रदेशाच्या इतिहासात स्थान मिळेल.